धोटा खाणारा माग

व्हीसीआर भाड्याचा. एका रात्रीचे ऐंशी रुपये,
शिवाय अंबादासचं घड्याळ ठेवून घेतलं दुकानदारानं.
कॅसेट माझी. म्हणजे माझ्या मावसभावाची,
त्याला कुणी जहाजावरच्यानं दिलेली,
नकलेची नक्कल. पाठीवर बॉलपेननं
'कॉन्सर्ट' लिहिलेलं, तेही चुकीचं.

निलमनगर. मे महिना. रात्री साडेनवालाही
पत्रा हात लावू देत नव्हता.
भिंतीपलीकडं आठ माग, गल्लीचे धरले तर शेकड्यानं,
खटक-पटक, खटक-पटक,
म्हणून आवाज पार शेवटपर्यंत चढवला
तरी बासगिटार आम्हांला नुसती दिसली.

पडद्याच्या वरच्या कडेला मुंग्यांची रांग सरकत होती.
माणसं हिरवट. पाच जण.
एकानं तीन पेट्या एकावर एक रचलेल्या,
दोन हातांनी दोन गावची कामं करणारा.
"ह्याच्यावर नाचून दाखव की बे," अंबादास म्हणाला.
नाचता येत नाही, हे आम्हांला माहीत होतं.
महिनाभर टेप उलटसुलट करून शोधलेलं:
ते सातात आहे.
टाळी द्यायला जावं
तर एक हात हवेत एकटाच राहतो.

अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप, विड्या वळताना
एकदाच वर बघून म्हणाली,
"लग्न झालंय का ह्याचं?"
कुणाचं, ते आम्ही विचारलं नाही.

मग नागय्यामामा पाळी संपवून आले.
एकतीस वर्षं मागावर. कान कधीच गेलेले,
घरात तो विषय निघत नसे,
फक्त सगळे त्यांच्याशी तोंड मोठं उघडून बोलत.
खाटेवर बसले. भुवयांवर सुताची पांढरी लव.
मला आपली धास्ती, आता विचारणार,
हे काय लावलंय पोरांनो.
ते ड्रमवाल्याचे हात बघत राहिले.

गाणं अठरा मिनिटांचं. सातव्या-आठव्या मिनिटाला
तेलुगूत काहीतरी म्हणाले.
अंबादास हसला नाही. मला म्हणाला,
"अप्पा म्हणतोय, ह्याचा माग
दर खेपेला एक धोटा खातो.
बिघाड नाही म्हणतोय. मुद्दाम खातो.
कुणीतरी शहाण्या जॉबरनं तसा बसवलाय."

आणि लाइट गेली.

आमच्याकडं लाइट जाते तेव्हा
आधी शांतता पडते, अंधार मागनं कळतो.
इतकी वर्षं त्या घरात येऊन
मडक्यातून ठिबकणारं पाणी मला त्या रात्री ऐकू आलं.
अम्माची कात्री, अंधारातही चालू,
तिला पान बघावं लागत नसे.
आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटं:
एक दोन तीन चार पाच सहा सात
एक दोन तीन चार पाच सहा सात
कुठं घाई नाही, कुठं ढिलाई नाही.
अंधार मामांना दिसला होता.
बाकी काही थांबल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सव्वा तासानं लाइट आली,
तेव्हा यंत्रानं दोन वीत फीत चावून ठेवलेली.
घड्याळ सोडवायला वर पन्नास पडले.

आता तीच मैफल फोनवर मिळते,
कपाळावरचा घाम मोजावा इतकी स्वच्छ.
बासगिटार ऐकू येते. चांगली वाजवतो.
वर्षातून एकदा, उन्हाळ्यात,
मी पुण्यात लावतो, अंबादास निलमनगरात,
दोघांचे फोन कानाला.
सात मिनिटं चाळीस सेकंदांवर
दोघंही थांबवतो. हे कधी ठरलं, आठवत नाही.
मी पंखा बंद करतो.
पलीकडून खाट कुरकुरते.
"थांब बे," अंबादास म्हणतो,
"अप्पाला नीट बसवू दे."