घट धरून

मागांच्या खोलीला लागून माझी शिकवणी.
मध्ये भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची,
म्हणून विट्यात मी इंग्रजी ओरडून शिकवते
आणि मुलं ओठ बघून शिकतात.

धैर्यशील देवकर, सातवी ब,
ओठही बघत नाही.
जूनपासून तो माझ्याकडे येतो
ते पेन्सिलीला टोक करायला.
टोक होतं, मोडतं, पुन्हा होतं.
मध्येच पाणी पिऊन येतो.
मध्येच चप्पल कुत्र्यानं नेली का ते बघून येतो.
त्याची आई तीनशे रुपये वहीत घालून पाठवते
नि चिठ्ठीत लिहिते, मारलं तरी चालेल.

मी मारत नाही.
मला येतही नाही तेवढं, इंग्रजी म्हणते मी.
माझंही सगळं गाइडातून आलेलं,
डी.एड.पुरतं घासलेलं,
आणि भरती निघेल तेव्हा निघेल.

"कशाला शिकू? दहावी झाली की मी सेलमलाच जाणाराय.
पप्पा चांदी गाळतात तिथं.
चांदीला कुठं इंग्लिश येतं?"
मला उत्तर सुचलं नाही.
म्हटलं, गो, वेंट, गॉन पाठ कर.

तर त्यावरच अडून बसला.
वॉकचं वॉक्ड कळतं, शेपूट लावलं की झालं.
पण गोचं वेंट?
ह्यात गो कुठं गेला?
म्हटलं, असतं तसं, विचारायचं नसतं.
मलाही असंच सांगितलं होतं कुणीतरी.
त्यानं पेन्सिल कानावर अडकवली, सुतारासारखी,
आणि थोडा वेळ गप्प बसून मलाच समजावलं:
"मुशीत पैंजण टाकलं की पैंजण उरतं का, मॅडम?
वजन राहतं तेवढंच.
थोडी घट धरायची."

त्या दिवशी त्याला तहान लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टोक.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले
आणि मी आपली ओरडतच राहिले
त्या शांततेत, "ही गोज! शी गोज!"
पलीकडून कांड्या भरणाऱ्या मावशी हसल्या.
तोही हसला.
मग हळू आवाजात
(हळू आवाज मला त्या खोलीत ओळखूच येत नाही)
म्हणाला, मे महिन्यात मी गेलतो सेलमला.
दुकानात बँकेचे साहेब आले. भराभरा बोलले.
पप्पा नुसते यस सार, यस सार.
घाम पुसत. सहीपण केली.
इथं जत्रेत कुस्त्यांना पप्पा पंच असतात, मॅडम.
हात वर केला की मैदान गप होतं.

एवढंच.
लाइट आली, माग सुरू झाले.
पुढं काही बोलला असेल
तर मला ऐकू आलं नाही.

निबंध दिला होता, माय फादर.
पाच ओळी सांगितल्या, त्यानं एकच आणली:
माय फादर मेल्ट सिल्व्हर.
मी लाल पेन उघडलं.
"एस राहिला."
"कुठला एस?"
फळ्यापाशी गेले, ओरडून नियम सांगितला:
ज्याच्याविषयी बोलतोय
तो एकटा असेल
आणि आपल्यासमोर नसेल,
तर क्रियापदाला एस लागतो.

तो बघत होता. माझ्या ओठांकडे.
"एकटा," त्यानं विचारलं, "आणि इथं नसेल तर?"
"हं."

त्यानं लाल पेन माझ्याकडून मागून घेतलं.
एस काढला. उलटा निघाला.
खोडला, परत काढला, जरा मोठाच.
मग पाणी प्यायला गेला तो
बराच वेळ आला नाही.
मी हाक मारली नाही.
मागांच्या आवाजात ती पोचली नसतीच.