सोपा

माझ्या वहीत त्याच्या नावापुढे
मीच लिहिलं होतं: सोपा.
जागेश्वर हेडाऊ, गोळीबार चौक,
वजन साठ, लढती सात, हार सहा.
सातवी जिंकला, कारण समोरचा आलाच नाही.

हेमराजला एक लढत हवी होती
रेल्वेच्या भरतीआधी, पेपरात फोटो येईल अशी.
अजनीच्या मैदानावर मंडप पडला.
मे महिना. रात्रीचे नऊ वाजले तरी
रिंगचे लोखंडी खांब हात लावू देत नव्हते.
सहा कूलर आणले होते,
पाच पाहुण्यांकडे तोंड करून.

मी म्हणालो, दोन राउंड खेळव,
तिसऱ्यात झोपव.
हेमराज पट्ट्या गुंडाळत म्हणाला,
"त्याले जास्त लागन त नाही ना, सर?"

जागेश्वर सायकलवर आला. एकटाच.
ग्लोव्हज कुणाचे तरी उसने,
अंगठ्यापाशी चादरीच्या दोऱ्याने शिवलेले.

घंटा झाली आणि हेमराजचा जॅब
जिथे गेला तिथे कुणी नव्हतं.
डावा, उजवा, पाय दाबून पुन्हा डावा.
ही चाल मी कुठेतरी पाहिलेली,
आठवायला अख्खा राउंड गेला:
माझा मामा हातमागावर बसायचा, तशी.
धोटा इकडून गेला की तिकडून येणारच,
घाई नाही, राग नाही,
सुताशी कुणी भांडतं का?

दुसऱ्यात हेमराज खाली बसला.
पडला नाही. बसला,
तर्री-पोह्यांच्या गाडीशेजारी बाकावर बसावं तसा,
आणि माझ्याकडे बघत राहिला,
मी त्याला चुकीच्या पत्त्यावर पाठवल्यासारखा.
पंच मोजत होता.
पाचव्या आकड्याला मंडपातलं कुणीतरी हसलं,
आठव्याला कूलरचा आवाज ऐकू यायला लागला.

नंतर मागच्या नळावर गाठलं त्याला.
"काऊन हरत होता बे तू, आतापर्यंत?"
तोंडात पाणी घेऊन त्याने गुळणी केली, थोडी लाल.
"रातपाळी राहे ना सर.
सकाळी सहाले सुटो, दहाले लढत.
उभ्या उभ्या झोप लागे.
आता मालकानं सारे माग विकले, भंगारात, किलोच्या भावानं.
पंधरा दिवस झाले,
नुसता झोपूनच हाओ."

माझ्या वहीत झोपेचा रकाना नव्हता.

मग त्यानेच विचारलं, जरा थांबून,
ग्लोव्हजमधला घाम झटकत,
"सर, ते रेल्वेचं कोणाले विचारा लागते?"

मी म्हणालो, तारीख गेली.
तारीख सोमवारची होती. त्या दिवशी शनिवार.

"बरं," म्हणाला तो,
आणि सायकलची उतरलेली चेन बसवायला खाली वाकला.
त्याचे ग्लोव्हज तेवढ्यापुरते
माझ्या हातात दिले होते.
अजून गरम होते.