चणे आहेत तर

तिसऱ्या गिअरचे चार दात
तेलाच्या ट्रेमध्ये सापडले.
पाचवा अजून पोटातच असावा.
मुस्तकीमने चुंबक फिरवलं, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"टर्बो बसवताना खालच्याला विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं.
इंजिनाला पैसा दिला, इंजिनाला हवा दिली,
पेट्रोलही महागातलं,
आणि चाकं नवी.
मधल्याने सोसायचं, हे आपलं गृहीत.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर
गिअरबॉक्स रचून ठेवतात काळ्या नारळांसारखे.
आपणही नारळ निवडावा तसं बघतो:
शाफ्ट चिमटीत धरून हलवायचा,
किती डुगडुगतो,
तेलाचा थेंब उन्हात धरायचा, चांदी चमकते का.
चमकली तर समजायचं, आत कोणीतरी झिजलंय.

एक होता माझ्याच पालिओचा जुळा भाऊ. अकरा हजार.
"गॅरंटी?"
"त्या गटारापर्यंत," दुकानदार म्हणाला. निदान खरं बोलला.
तोच डबा, तेच दात, तीच माझी उजव्या पायाची खोड;
दिवाळीपर्यंत पुन्हा इथेच.

एक होता फोनमध्ये,
सरळ दातांचा सेट, परदेशातून येणारा.
रडतो म्हणे चालताना, पण तुटत नाही.
एक लाख ऐंशी, वर कस्टम.
दोन रात्री फोटो बोटांनी मोठा करून पाहिला,
इतकी तर मी स्थळंसुद्धा पाहिली नव्हती.

आणि एक, खाली, टायरच्या आडोशाला:
टूरिस्ट गाडीतून निघालेला, डिझेलचा.
बोजड. दात जाड, चाल लांब.
"हा पळणार नाही," मुस्तकीम म्हणाला,
"पण तू पळवशील तेवढं खाईल."

पाकिटात बेचाळीस हजार.
त्यातले चौदा आईच्या कवळीचे, वरची आणि खालची.
मी दंतवैद्याच्या एस्टिमेटच्या पाठीवरच हिशेब मांडला:
डबा पंधरा, क्लच साडेपाच,
मधली प्लेट सहा.
आईने चष्म्यातून वाचलं, उलटंपालटं केलं.
"दोघांचे दात एकदम बसव. काहीतरी कमी करतील."

प्लेट दारूखान्यात.
वायंगणकर, गोदीतून रिटायर, लेथ मात्र अजून नोकरीत.
मोडलेल्या जहाजाचा ॲल्युमिनियमचा तुकडा,
बारा एमएम,
फुंकर मारून त्याने त्यावर माझं माप आखलं.
दोन भोकं चुकली. माप माझं होतं.
तो रागावला नाही, फक्त दुसरा तुकडा काढताना म्हणाला,
"इंजिन काय, कोणीही बांधतो हो.
जोडणाऱ्याला दोन्हीकडची भोकं सांभाळावी लागतात."
आणि साडेसात घेतले.

आता सिग्नलवरून स्कूटरसुद्धा पुढे जाते.
पहिला संपता संपत नाही,
दुसऱ्यात आपण कुठल्यातरी सरकारी कामाला निघालोय असं वाटतं.
वडाळ्याच्या नाक्यावर एका पोराने खिडकीत वाकून विचारलं,
"काका, स्टिकर खरे आहेत ना?"
मी हसलो. दात दाखवले.

रविवारी पहाटे आईला फ्रीवेवर नेलं.
नव्या कवळीचा तिसरा आठवडा,
हातात पाव किलो फुटाण्यांची पुडी.
"बघू तरी," एवढंच म्हणाली, पण खाल्ला नाही एकही.

ट्रॉम्बेच्या चिमण्या मागे पडल्या.
तिसरा टाकला.
टर्बोने श्वास घेतला, मी पाय खाली दाबला,
पार तळापर्यंत,
तीन महिन्यांत पहिल्यांदा,
आणि

कट्.

पाय आपोआप वर. कान खाली, पाठीत गार पाणी,
डोळ्यांसमोर ट्रे, चुंबक, मुस्तकीमची पाठ.
गाडी मात्र आपली चालतेच आहे.

शेजारी आई, डोळे मिटून, जबडा एका बाजूला धरून
काहीतरी तपासत होती.
मग तिने पुन्हा एक टाकला.
कट्.

"थांबलास का रे?"