नंबर दोनशे सतरा

लकडगंजातल्या टिनाच्या शेडमध्ये
हेडाऊ कूलर ठोकायचे
आणि मी वही लिहायचे:
नंबर, नाव, मोहल्ला, किती दिले, किती बाकी.

एका वर्षी त्यांनी पंपाला घड्याळ जोडलं.
तीन मिनिटं पंप चाले, सात मिनिटं गप्प.
वाळ्याची ताटी ओलीच राही,
पाणी मात्र निम्म्यावर.
जिथं नळ एक दिवसाआड येतो
तिथं हे कुणाला समजवावं लागत नाही.
मार्चमध्ये चाळीस गेले, एप्रिलमध्ये दोनशे.
हिंगण्याला प्लॉट बघून झाला,
रायपूरच्या डीलरचा ॲडव्हान्स आला,
शेडमध्ये पहिल्यांदा पेढे नाही, संत्रा बर्फी वाटली गेली.

मेच्या बारा तारखेला इंदोऱ्याहून फोन:
"हात लावला का झिणझिण्या येतात जी.
घरी लहान लेकरू आहे."

हेडाऊ स्वतः गेले. टेस्टर टेकवला.
लाल.
घड्याळाची वायर पत्र्याच्या कडेवरून गेली होती.
दर दहा मिनिटांनी पंप थरथरायचा,
दर दहा मिनिटांनी ती थोडी सोलायची.

जावई म्हणाले, "एकच पीस निघाला, बाबूजी.
सीझन तर निघू द्या."
हेडाऊंनी तयार थप्पीतला एक काढला, तासभर पळवला, उघडला.
मग दुसरा.
तिसऱ्यानंतर पाना खाली ठेवला
आणि मला म्हणाले, "वही आण."

फोनवर काय बोलायचं ते मी लिहून दिलं होतं:
मोफत सर्व्हिस कॅम्प, मर्यादित काळासाठी.
त्यांनी ते खोडलं. खाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं:
आमची चूक झाली. कूलर बंद करा.
बटन नाही, प्लग काढा. आम्ही येऊन राहिलो.

शेहेचाळीस डिग्रीत दोन स्कूटर, एक मालवाहू ऑटो.
कुणी शिव्या दिल्या. कुणी पन्हं दिलं.
कुणी दोन्ही.
महालातले एक काका म्हणाले,
"काऊन इतकं? मस्त तर चालून राहिला!"
मोमीनपुऱ्यात सकीना आपा दारात उभ्या:
"पहले पंखा रखो, फिर प्लग निकालो."
चौथ्या दिवसापासून ऑटोत टेबलफॅन घेऊन निघालो.
हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

लागत होतं काय,
तर दोन रुपयांचं रबरी बुच,
वायर जिथून आत शिरते त्या भोकात.
दोन रुपये, गुणिले दोनशे चाळीस.
बाकीचा खर्च मी वेगळ्या पानावर लिहिला
आणि ते पान त्यांनी फार वेळ पाहिलं नाही.
रायपूरचे पैसे परत गेले.
हिंगण्याच्या प्लॉटवर आता प्लायवूडवाले आहेत.

पुढच्या मार्चला सगळी गिऱ्हाइकं परत आली
असं लिहायला आवडलं असतं.
थोडी आली. थोडी शोरूममध्ये गेली,
तिथं हप्त्यावर मिळतो आणि गारवा तोच.
इंदोऱ्याच्या बाई मात्र भावाला घेऊन आल्या
आणि पैसे द्यायच्या आधी
आमच्याच टेस्टरनं आमचा कूलर तपासून घेतला.
हेडाऊंनी टेस्टर पुढं केला, हसले नाहीत.
तेव्हापासून तो काउंटरवर दोरीला बांधलेला असतो.

आता वर्षाला तीनशे. त्याहून जास्त नाही,
कारण तीनशे घरं, ते म्हणतात,
आठ दिवसांत फिरून होतात.

दोनशे एकोणचाळीस मिळाले.
दोनशे सतरा मिळाला नाही.
ठवकर, उमरेड रोड, भाड्याची खोली, रोख.
आम्ही पोचलो तेव्हा खोलीला कुलूप होतं.
शेजारीण म्हणाली, सामान ट्रकवर चढलं,
बालाघाटला गेले असतील, नाहीतर गोंदियाला.
फोन लागत नाही.

हेडाऊंच्या खिशात अजून एक बुच असतं.
अनोळखी खिडकीत आपला निळा पत्रा दिसला
की स्कूटर हळू होते.
दर फेब्रुवारीत, नवा माल काढायच्या आधी,
ते मान वर न करता विचारतात,
"दोनशे सतराचं काही?"
मी जुनी वही उघडते,
त्या रिकाम्या रकान्यात पेन्सिलीनं एक ठिपका देते.
आठ झालेत.