उलटी बाजू

अंग शाबूत, हाडं गेलेली,
या गाडीचं सगळंच उफराटं.
फायबरग्लासला गंज ठाऊक नाही;
खालचं लोखंड मात्र बोटानं दाबलं
की बिस्किटासारखं सुटतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं किट.
वर हे कवच, खाली कुणाच्या तरी जुन्या बीटलचा सांगाडा,
सोबत चार पानांचं माहितीपत्रक,
त्यातलं तिसरं गहाळ.
स्पॉल्डिंगजवळच्या एका कोबीवाल्याच्या शेडमधून
मी ती कोंबड्यांखालून काढली.
डॅशबोर्डवर अंडं होतं. तेही जुनंच.

आता ती माझ्या गॅरेजात, चार स्टँडवर,
कपड्यांचं मशीन सरकवून बसवलेली.
फेब्रुवारीत रेझिन घट्ट होईना
म्हणून हिटर, वर ब्लँकेट,
ताप आलेल्या पोराला ठेवावं तशी.
घासकामाची धूळ मानेवर, मनगटांवर, मोज्यांतसुद्धा;
रात्रभर खाजवतो.
हिलरी म्हणते, कपडे बाहेर काढ, मगच घरात ये.
शेजाऱ्यांसमोर? हो, शेजाऱ्यांसमोर.

शेजारी म्हणजे पिंचबेकबाई. वय ब्याऐंशी.
परवा संध्याकाळी दारात उभ्या,
पायात सपाता, अंगावर ओव्हरकोट.
मला वाटलं, वासाची तक्रार.
म्हटलं, माफ करा, दार लावून घेतो.
"नको," म्हणाल्या. "पन्नास वर्षांनी आला हा वास."

विचारलं बिचारलं नाही. सरळ वाकून
चाकाच्या कमानीत हात घातला,
जिथे रंग नाही, पॉलिश नाही,
ती खरखरीत उलटी बाजू
गाभण गाईचं पोट चाचपावं तशी चाचपली.

"ही मेव्हिस. कोपऱ्यात कंजूष.
आणि हे थेल्माचं. दोन थर पुरेत तिथं चार.
गाडी जड आहे ना तुझी? थेल्मा."

सहा जणी होत्या. विमानांच्या जुन्या हँगरमध्ये.
मजुरी कवचामागे, तासामागे नाही.
साच्याला मेण, मग रंग, मग चटई, मग रेझिन,
गोधडी घालावी तसे थरावर थर,
आणि पुरुष बाहेर उन्हात
तयार गाड्यांचे फोटो काढत.
तुम्ही चालवली असेल ना एखादी?
त्या हसल्याच. "आम्ही सायकलनं घरी जायचो.
केसांत काच. उशीवर काच. बाळाला घेताना..."
वाक्य तिथंच सोडलं.

मग माझ्या हातातला ब्रश घेतला.
"घासतोस काय? भिंत आहे का ही?
टेकव. नुसतं टेकव.
बुडबुडा दिसला की त्याच्या डोक्यावर टेकव."
टप टप टप,
पांढरी चटई भिजत भिजत दिसेनाशी झाली.
बोटं वाकडी, सांध्यांशी सुजलेली,
मनगट मात्र तिशीतल्या बाईचं.

यात तुमचा हात कुठला?
टॉर्च मागितला. बराच वेळ शोधलं.
स्पेअर चाकाच्या खळग्यापाशी थांबल्या,
"कदाचित," म्हणाल्या,
मग जवळ जाऊन, "नाही. आयव्हीचं."
वाईट मलाच वाटलं, त्यांना नाही.

सीट नव्हतीच. मी दुधाचा क्रेट ठेवला.
पिंचबेकबाई आत बसल्या,
ओव्हरकोट आवरून,
दोन्ही हात स्टिअरिंगच्या नुसत्या दांड्यावर.
"दार लाव."

लावलं. वरची कड अर्धा इंच बाहेर.
ढकललं. उचलून ढकललं.
तीन आठवडे याच दाराच्या बिजागऱ्या
मी काढत होतो, घालत होतो,
स्वतःलाच शिव्या देत.
"राहू दे," आतून आवाज आला,
"एकाही गाडीचं कधी बसलं नाही ते.
साचाच वाकडा होता.
आम्ही सांगितलं होतं."