करंगळी

दर अर्ध्या तासाला मी दोरीनं बाटली सोडते
आणि विचारते, "झाली का?"
एवढंच.
किती अंतर उरलं, ते तिनं विचारायचं नाही,
मी सांगायचं नाही.
स्कॉटलंडकडे बोट दाखवायचं नाही.
होडीला हात लागला, की सगळं बाद.

ब्रोना उताणी होते, चार घोट घेते,
कोमट, गोड, जांभळ्या वासाचे,
आणि डावा हात वर करून
करंगळी दाखवते.
शाळेतल्या पोरीसारखी, पण उलट:
परवानगी मागत नाही, झाल्याचं कळवते.
मी वहीत लिहिते: ६.४०. दीडशे मिली. लघवी, हो.
मॅकिल्वीन सुकाणूवरून हसतो:
"बावीस वर्षं माणसं पलीकडे नेतोय,
समुद्राला असा हिशेब कुणी दिला नाही."

हसू दे.
बँगरच्या तलावावर पहाटे साडेपाचला
सहाव्या लेनमधले आम्ही सगळे सज्जन,
दोन तासांत दोन लिटर पिणारे
आणि पायऱ्या चढून एकदाही बाहेर न जाणारे.
"पाण्यात घाम दिसत नाही," डेसमंड सर ओरडायचे,
"म्हणून येत नाही असं नाही! प्या!"
एकदा त्यांनी विचारलंच, कोण कोण पाण्यात करतं?
सगळ्यांनी छताचे पत्रे मोजले.
ब्रोनानं एकटीनं हात वर केला.
तेव्हापासूनची ही मैत्री.

समुद्रात मात्र ते सोपं नाही.
पाय चालू असले की शरीर ऐकत नाही.
जन्मभर त्याला एकच शिकवलेलं, थांब.
चारचौघांत नाही, आडवं पडून नाही,
अंथरुणात तर नाहीच नाही.
दोन उन्हाळे ती खाडीत सराव करत होती
हातांचा नव्हे, सोडून देण्याचा.
म्हणते, मांड्यांशी एक ऊब येते,
तेरा अंशांच्या पाण्यात स्वतःचीच,
चार सेकंदांची.
मग तीही समुद्राची.

मी एकवीस वर्षं किडनीच्या वॉर्डात.
खाटेखाली लटकलेल्या पिशव्या वाचत आले.
बाबांची शेवटची पिशवी मीच मोजली:
चाळीस मिली, कोऱ्या चहाच्या रंगाची.
भाऊ म्हणाला, बरे आहेत ना?
मी आकडा सांगितला.
आकडा ऐकून कुणी रडत नाही.

११.१०. शंभर मिली. नाही.
११.४०. तांबडा जेलीफिश, मानेवर. पन्नास मिली. नाही.
१२.१०. पाजलं ते ओकली. नाही.
ओठ जांभळे, पेयामुळे की थंडीमुळे
ते होडीवरून कळत नाही.
मी नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं.
मुलीचं विचारलं. उत्तराला उशीर झाला.
चौथ्यांदा नाही आलं तर बाहेर काढायची,
हे आम्ही तिच्याच स्वयंपाकघरात ठरवलेलं.
तेव्हा ती टोस्टला लोणी लावत होती.

मॅकिल्वीन आता हसत नव्हता.
१२.३५ला त्यानंच विचारलं,
अगदी हळू, देवळात विचारावं तसं:
"झाली का तिची?"

१२.४०.
बाटली गेली. दोन घोट. तिसरा.
ती काहीतरी बोलली, वाऱ्यानं नेलं.
मग लाट. मग नुसतंच पाणी.
मग पाण्यातून एक हात,
चार बोटं थंडीनं आखडून मिटलेली,
आणि पाचवं,
वाकडं, थरथरतं, पण वर.

"हो" लिहिताना पेन्सिलनं कागद फाटला.
तेव्हा लक्षात आलं,
पहाटेपासून मी घोटभर प्यायले नव्हते,
आणि गेलेही नव्हते.
मॅकिल्वीननं काही न विचारता
पायानं बादली माझ्याकडे सरकवली
आणि पाठ फिरवून उभा राहिला,
स्कॉटलंडकडे तोंड करून.