बरणी क्रमांक चव्वेचाळीस

लातूरच्या बसनं थर्माकोलचा डबा आला.
कंडक्टरनं नाकाला रुमाल लावूनच तो हातात दिला.
आत बरणी, फॉर्मॅलिन, त्यात काडेपेटीएवढा राखाडी तुकडा,
आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी:
डॉल्फिन. मादी. पिल्लू. वय अंदाजे दीड वर्ष.
पाठीवर, पोटाला गोल चट्टे. कडा काळसर.

उदगीरला डॉल्फिन!
मी रजिस्टरात जनावराचा रकाना बघत बसले:
गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, इतर.
'इतर'वर खूण केली.

आमच्याकडंच का, तर मागच्या दोन पावसाळ्यांत
लम्पीच्या गाठी आम्ही इतक्या कापल्या
की देवीच्या घराण्यातला कुठलाही विषाणू
आता सोयऱ्यासारखा ओळखू येतो,
चालीवरनं.

समुद्र मी पाहिला नाही.
माझं खारं म्हणजे कॉलेजच्या मागचं बोअर.
त्याचं पाणी काचेवर वाळलं की
पांढरी नक्षी उरते, स्लाइड वाया जाते.
म्हणून तुकडा डिस्टिल्डनं धुतला.
त्याचं बहुधा हे पहिलंच गोडं पाणी.

रात्रभर मेणात. सकाळी पात्याखालनं
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ फिती निघाल्या.
या कातड्याला केस नाही, घामाचं छिद्र नाही.
पुस्तकात लिहिलंय, दर दोन तासांनी
वरचा थर पाण्याला देऊन टाकतं,
आणि खाली दोन थर असे
बोटांत बोटं गुंतवून बसलेले
जसं कुणी गर्दीत लेकरू धरतं.
त्याच पेशींमध्ये गुलाबी, गोल गोल,
ते.
आमच्या कालवडींतले.

मोईनभाईंना हाक मारली. पुढच्या मार्चात रिटायर होतात.
चौथ्या वर्षी देवी आल्या होत्या त्यांना,
गालावर अजून तुरीएवढे खड्डे.
भिंगाला डोळा लावून लई वेळ गप्प.
मग म्हणाले, "आईचं दूध होतं तोवर झाकून होतं बघा.
दूध तुटलं की अंगावर फुटलं. लेकरांचंच दुखणं हे.
पण इकडं कडेला बघा, नवं कातडं धरलंय.
जात होतं, बाई.
सालभरात गोंदणासारखं फिकं पडलं असतं."

चिठ्ठी उलटी केली तेव्हा मागं होतं:
शेपटीच्या बुडाशी नायलॉनचा काच.
फुफ्फुसात फेस.

अहवालात मी लिहिलं, त्वचारोग बरा होत होता.
सरांनी 'होत होता' खोडलं.
"मेलेल्याला चालू काळ नसतो, बिरादार बाई.
मृत्यूशी संबंध नाही, एवढंच टाका."
टाकलं. तरी खोडलेलं
कार्बनच्या प्रतीवर वाचता येत होतं.

शेवटी फॉर्म. मालकाचे नाव, गाव, तालुका.
मी कोरं सोडलं. क्लार्क म्हणाला, कोरं चालत नाही,
आणि स्वतःच लिहिलं: बेवारस.

मोईनभाई सही करायला वाकले.
त्या शब्दावर त्यांचं पेन थांबलं, बराच वेळ.
मग शेजारी, त्यांच्या त्या उजवीकडं सुरू झाल्यासारख्या अक्षरात,
बारीक लिहिलं: आई हयात असावी.

क्लार्क काही बोलला नाही. शिक्का मारला.
बाहेर टँकरचा हॉर्न वाजला,
मी बादल्या घेऊन पळाले,
हाताला अजून फॉर्मॅलिनचा वास,
आणि त्याखाली, खरं की भास,
कसलासा मासळी बाजाराचा.